संगणकाची निद्रा आणि स्क्रिप्ट : ऊर्जा-व्यवस्थापनाच्या अधिकाराचा इतिहास

प्रस्तावना

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांनी महाविद्यालयातील किंवा कार्यालयातील संगणकावर काम केले, त्यांना यंत्र सुरू करताच काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काही क्षण उमटणारे एक चिन्ह आठवत असेल. वळणदार अक्षरांत 'एनर्जी' हा शब्द, त्यालगत तारा आणि खाली 'ईपीए पोल्यूशन प्रिव्हेंटर' ही ओळ. लाखो लोकांनी हे चिन्ह रोज पाहिले. ते कशाचे आहे याची चौकशी फारच थोड्यांनी केली असेल. सदर यंत्र वीज वाचवू शकते, एवढेच ते चिन्ह सांगत होते. वीज वाचवण्याची सोय बंद ठेवलेली असली तरीही ते तितक्याच दिमाखाने झळकत असे.

या लहानशा विसंगतीत संगणकाच्या ऊर्जा-व्यवस्थापनाचा पुढील पंचवीस वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. काम नसताना यंत्राला झोपवण्याचे तंत्र १९९२ च्या सुमारासच बाजारात आले होते. यंत्राने केव्हा झोपावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ सुटला नाही. यंत्र बनविणारा, ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारा, यंत्रासमोर बसणारा आणि संस्थेतील सर्व यंत्रांची देखभाल करणारा व्यवस्थापक, अशा चौघांचा त्यावर दावा होता. यांपैकी व्यवस्थापकाच्या हाती आलेले साधन म्हणजे स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची साध्या मजकुरात लिहिलेली माळ. एकेका यंत्रासमोर बसून, एकेक खिडकी उघडून जे बदल करावे लागतात, ते तिच्यामुळे शेकडो यंत्रांवर एकाच वेळी करता येतात. प्रस्तुत लेखात हे साधन कसे घडत गेले आणि त्याच्या मर्यादा कोठे दिसून आल्या, याचा मागोवा घेतला आहे.

तारांकित यंत्र आणि बायोसची सत्ता

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' ही ऐच्छिक योजना सुरू केली. तिच्या कक्षेत सर्वांत आधी आणलेल्या वस्तू म्हणजे संगणक आणि मॉनिटर. निष्क्रिय अवस्थेत संगणकाने ३० वॅटपेक्षा अधिक वीज घेऊ नये, अशी मर्यादा ठरविण्यात आली. योजना ऐच्छिक असली तरी तिच्यामागे सरकारी खरेदीचे बळ लवकरच उभे राहिले. अध्यक्ष क्लिंटन यांनी २१ एप्रिल १९९३ रोजी काढलेल्या आदेशान्वये संघराज्याच्या खात्यांना एनर्जी स्टारची अट पूर्ण करणारीच संगणक-सामग्री विकत घेणे बंधनकारक झाले. एवढा मोठा ग्राहक गमावणे कोणत्याही उत्पादकास परवडणारे नव्हते. पडद्यावरचे ते चिन्ह अशा रीतीने जगभर पोहोचले.

तांत्रिक तयारी याआधीच झालेली होती आणि तिचे श्रेय बव्हंशी बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांकडे जाते. १९९० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर आणला. त्यात 'सिस्टिम मॅनेजमेंट मोड' नावाची एक स्वतंत्र अवस्था होती. या अवस्थेत प्रोसेसर चालू काम आहे तेथे थांबवून यंत्रातील फर्मवेअरच्या आज्ञा पाळतो आणि नंतर पूर्वीच्या कामाकडे परततो. मधला वेळ कोठे गेला, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळतही नाही. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तयार केलेले 'एपीएम' हे मानक याच विचाराच्या जवळचे होते. यंत्राची निष्क्रियता मोजणारे घड्याळ बायोसमध्ये असे. ठराविक मिनिटे कळफलकावर हालचाल झाली नाही, डिस्क फिरली नाही, की बायोस यंत्राला निद्रेकडे नेत असे.

बायोसला यंत्रासमोरच्या माणसाचे काम समजत नव्हते, ही या व्यवस्थेची मूलभूत उणीव होती. कळफलक शांत आहे म्हणजे यंत्र रिकामे आहे, असा त्याचा हिशेब. एखादी लांबलचक गणना चालू असो किंवा दुसऱ्या यंत्राला फाइल पुरविण्याचे काम असो, बायोसच्या दृष्टीने ती शांतताच होय. परिणामी सादरीकरणाच्या मध्यावर पडदा काळा होणे, परत जागे झालेल्या यंत्राचा नेटवर्कशी संबंध तुटणे, कधी यंत्र जागेच न होणे, असे अनुभव लोकांना येऊ लागले. एकदा असा अनुभव आलेला माणूस बायोसच्या निळ्या पडद्यावर जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट'पुढे 'डिसेबल्ड' असे लिहून मोकळा होई. ऊर्जा-व्यवस्थापनाविषयीचा पुढे पंधरा-वीस वर्षे टिकलेला अविश्वास याच काळातला आहे. वापरकर्त्यांच्या बेफिकिरीला त्यासाठी सर्वस्वी दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

तरीही याच काळात आज्ञा लिहून ऊर्जा-व्यवस्थापन करण्याचा पहिला ढोबळ नमुना आढळतो. १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीत 'पॉवर' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'कॉन्फिग.सिस' या फाइलमध्ये त्याची एक ओळ लिहायची आणि पुढे कमाल, नियमित, किमान किंवा बंद यांपैकी एक पर्याय द्यायचा, एवढीच त्याची व्याप्ती. मात्र ती ओळ मजकूर होती. ती फ्लॉपीवर नकलून दुसऱ्या यंत्रात नेता येत असे. बायोसचा निळा पडदा असा नेता येत नव्हता.

येथे स्क्रीनसेव्हरचा उल्लेख केला नाही तर चित्र अपुरे राहील. जुन्या काचनळीच्या मॉनिटरवर एकच आकृती दीर्घकाळ राहिल्यास तिचा डाग कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी हलती चित्रे दाखविण्याची कल्पना निघाली. 'आफ्टर डार्क' या संचातील पंख असलेले उडते टोस्टर १९८९ पासून लोकप्रिय झाले. नावात 'सेव्हर' असल्याने यामुळे वीज वाचते असा समज सर्वत्र पसरला आणि अनेक कार्यालयांत तो अजूनही टिकून आहे. वस्तुतः चित्र हलते ठेवण्यासाठी मॉनिटर आणि प्रोसेसर दोन्ही जागे ठेवावे लागतात. मॉनिटरला खरोखर झोपविणारी 'डीपीएमएस' ही संकेतपद्धती १९९३ मध्ये आली. केबलमधून जाणारे आडवे आणि उभे समक्रमण-संकेत बंद केले की मॉनिटर त्यावरून आपली अवस्था ओळखतो, अशी तिची साधी योजना होती. ऊर्जा-व्यवस्थापनातला हा भाग सर्वांत लवकर रुळला. पडदा काळा झाला तरी काम बुडत नाही, हे लोकांना प्रत्यक्ष दिसत होते.

ऑपरेटिंग सिस्टिमकडे झालेले हस्तांतर

१९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' ही नवी रचना मांडली. तोवर संगणकाचे बटण खऱ्या अर्थाने वीज तोडणारे होते. विंडोज ९५ बंद केल्यावर 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाचा नारिंगी मजकूर पडद्यावर येई आणि माणसाने हाताने बटण दाबावे लागे. नव्या रचनेत वीजपुरवठ्याची एक क्षीण धारा सदैव मदरबोर्डपर्यंत येत राहते आणि यंत्र चालू अथवा बंद करण्याची आज्ञा सॉफ्टवेअर देऊ शकते. स्क्रिप्टच्या इतिहासात हा बदल निर्णायक मानावा लागेल. जे यंत्र स्वतःची वीज तोडू शकत नाही, त्याला रात्री नऊ वाजता बंद होण्याची लेखी आज्ञा देऊन उपयोग नव्हता. त्या क्षीण धारेमुळे 'बंद' यंत्रही थोडी वीज खात राहते. या सोयीची ती किंमत होय.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध केले. निर्णयाचा अधिकार बायोसकडून काढून ऑपरेटिंग सिस्टिमकडे देणे हा त्याचा गाभा होता. यंत्राच्या अवस्थांना त्याने क्रमांक दिले. एस-० म्हणजे पूर्ण जागृती आणि एस-५ म्हणजे बंद. मधल्या अवस्थांपैकी दोन व्यवहारात महत्त्वाच्या ठरल्या. एस-३ मध्ये फक्त स्मृतीला वीज मिळत राहते, म्हणून यंत्र काही सेकंदांत जागे होते. एस-४ मध्ये स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून वीज जवळजवळ पूर्ण तोडली जाते, त्यामुळे जागे होण्यास वेळ लागतो. आपल्या यंत्रात कोणती साधने आहेत आणि ती कशी झोपवायची, याची माहिती उत्पादकाने एका सांकेतिक भाषेतील तक्त्यांत लिहून द्यायची आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ती वाचून अंमल करायचा, अशी श्रमविभागणी झाली.

हे तक्ते अनेकदा सदोष असत. उत्पादक आपले यंत्र विंडोजवर चालते एवढे तपासून थांबत, त्यामुळे लिनक्सवर तेच यंत्र झोपले की उठत नसे. या मानकाला स्पर्धेचीही एक बाजू होती. बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९ मध्ये पाठविलेल्या एका ईमेलमध्ये एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते ठेवता येतील का, असा विचार मांडला होता. अमेरिकेतील आयोवा राज्यातील खटल्यात हा ईमेल पुरावा म्हणून पुढे आला. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी मात्र या अडचणींतून एक वेगळीच परंपरा उभी केली. 'एसीपीआयडी' हा पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्राम झाकण मिटले, बटण दाबले, चार्जर काढला अशा प्रत्येक घटनेला एक स्क्रिप्ट जोडू देत असे. झोपण्यापूर्वी नेटवर्कचा चालक उतरवणे, उठल्यावर तो पुन्हा चढवणे, ही कामे लोकांनी स्वतः लिहून काढली. त्या स्क्रिप्ट आज वाचल्या तर कोणत्या यंत्रात काय बिघडत होते याची ती दैनंदिनीच वाटते. इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्याकडे अद्याप कोणी पाहिलेले नाही, ही खेदाची बाब आहे.

व्यवस्थापकाच्या हातातील लेखणी

विंडोजच्या जगात ही लेखणी थोडी उशिरा आली. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) ऊर्जेच्या योजना होत्या, परंतु त्या नियंत्रण-पटलावर माउसने निवडाव्या लागत. संस्थेतील सर्व यंत्रांवर एकच धोरण लागू करणाऱ्या 'ग्रुप पॉलिसी' या व्यवस्थेत ऊर्जेला स्थान नव्हते. ही उणीव इतकी जाणवली की पर्यावरण संरक्षण संस्थेनेच 'ईझी जीपीओ' नावाचे एक मोफत साधन उपलब्ध करून दिले. ज्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम जगातील बहुसंख्य कार्यालयांत होती, तिच्या उत्पादनातली जागा भरून काढण्यासाठी सरकारी पर्यावरण-खात्याला सॉफ्टवेअर वाटावे लागले, ही घटना मननीय आहे.

'पॉवरसीएफजी' ही आज्ञा सर्व्हर २००३ आणि एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकच्या (२००४) काळात व्यवस्थापकांच्या वापरात आली. तिच्या आधारे लिहिलेली स्क्रिप्ट चार-पाच ओळींचीच असे. पहिल्या ओळीत योजनेचे नाव, दुसरीत पंधरा मिनिटांनी मॉनिटर बंद, तिसरीत तीस मिनिटांनी स्टँडबाय, चौथीत हायबरनेट चालू किंवा बंद आणि शेवटी ती योजना लागू करण्याची आज्ञा. ही फाइल लॉग-ऑनच्या वेळी चालेल अशी सोय केली की काम झाले, असे वाटे. प्रत्यक्षात एक खाच राहून जाई. एक्सपीमध्ये ऊर्जेची निवड प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात साठविली जात असे. विद्यार्थी किंवा कर्मचारी लॉग-ऑफ करून घरी गेला की त्याच्याबरोबर त्याची योजनाही जाई आणि लॉग-ऑनच्या पडद्यावर थांबलेले यंत्र मूळ योजनेनुसार रात्रभर जागत राही. अनुभवी व्यवस्थापक म्हणूनच रजिस्ट्रीतील मूळ खात्यातही तेच आकडे लिहीत. दुसरी अडचण अ‍ॅप्लिकेशनची. एक्सपीत कोणतेही अ‍ॅप्लिकेशन निद्रेची सूचना नाकारू शकत होते. एका हट्टी प्रोग्राममुळे सगळे यंत्र जागे राही आणि त्यामागचे कारण समजत नसे.

विंडोज व्हिस्टाने (२००७) हे दोन्ही प्रश्न हाती घेतले. योजना आता संपूर्ण यंत्राला लागू झाल्या, ग्रुप पॉलिसीत ऊर्जेला जागा मिळाली आणि अ‍ॅप्लिकेशनचा थेट नकाराधिकार काढून घेण्यात आला. यंत्राला जागे ठेवण्याची विनंती करण्याची वाट मात्र त्यांना मोकळी राहिली. विंडोज ७ मध्ये (२००९) अशा विनंत्यांची यादी पाहणारा पर्याय पॉवरसीएफजीत आला, तसेच यंत्राचे काही वेळ निरीक्षण करून दोषांचा अहवाल देणारा पर्यायही आला. लिनक्सच्या बाजूला इंटेलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले 'पॉवरटॉप' हे साधन याच जातीचे. प्रोसेसरला दर सेकंदाला कोण किती वेळा उठवते, हे ते नावानिशी दाखवी. आपला निरुपद्रवी वाटणारा प्रोग्राम विनाकारण वारंवार जागा होतो, हे अनेक लेखकांना त्यातून प्रथमच समजले.

या आज्ञेचा एक तपशील मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पॉवरसीएफजीत मिनिटांच्या जागी शून्य लिहिले तर त्याचा अर्थ 'ताबडतोब' असा होत नाही, 'कधीच नाही' असा होतो. त्यामुळे यंत्राला झोपविणारी आणि त्याची झोप कायमची उडविणारी स्क्रिप्ट यांत एका आकड्याचाच फरक असतो. ऑनलाइन परीक्षेच्या काळात पडदा मिटू नये म्हणून प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांवर शून्याची स्क्रिप्ट चालविली जाते. परीक्षा संपल्यावर उलटी स्क्रिप्ट चालविण्याचे काम कोणाच्याही नावावर नसते.

रात्रीचा प्रश्न

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कार्यालये, शाळा व तत्सम इमारतींत कामाचे तास संपल्यावर प्रत्यक्ष फिरून यंत्रांच्या अवस्थेची नोंद केली. २००४ च्या त्यांच्या अहवालानुसार रात्री बंद केलेल्या डेस्कटॉप संगणकांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होते; उरलेल्यांपैकी निद्रावस्थेत गेलेले दहा टक्केही नव्हते. मॉनिटरची स्थिती त्यामानाने कितीतरी चांगली होती. एनर्जी स्टार सुरू होऊन तोवर बारा वर्षे लोटली होती.

या अपयशाचे मोल समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. साठ यंत्रांची प्रयोगशाळा संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत रिकामी आहे आणि प्रत्येक यंत्र मॉनिटर सोडून ६० वॅट घेत नुसतेच चालू आहे, असे समजू. एका रात्रीत ५०.४ युनिट जळतात. हीच यंत्रे ३ वॅटच्या निद्रेत असती तर २.५२ युनिट लागले असते. वर्षातील तीनशे रात्रींचा फरक १४,३६४ युनिटांचा होतो. त्यासाठी लागणारी स्क्रिप्ट पाच ओळींची आहे.

असे असताना ती लिहिली का गेली नाही? एक कारण सुरक्षेच्या व्यवस्थेत सापडते. ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' या विषाणूने दुरुस्त्या वेळेवर न बसविण्याचे परिणाम दाखवून दिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याची प्रथा सुरू केली. त्या बसविण्यास सोयीची वेळ रात्रीची. त्यामुळे 'घरी जाताना संगणक बंद करू नये' अशा सूचना कार्यालयांतून निघू लागल्या. झोपलेल्या यंत्राला दुरून उठविण्याचा उपाय वास्तविक १९९५ पासूनच उपलब्ध होता. एएमडी आणि हेवलेट-पॅकार्ड यांच्या 'मॅजिक पॅकेट' पद्धतीत एका विशिष्ट रचनेचा संदेश नेटवर्कवर सोडला जातो: आरंभी ठराविक सहा बाइट, नंतर त्या यंत्राच्या नेटवर्क-कार्डाचा पत्ता सोळा वेळा. मात्र त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या बायोसमध्ये परवानगी द्यावी लागे आणि राउटरच्या पलीकडे हा संदेश सहसा जात नसे. सर्व यंत्रे जागी ठेवणे त्याहून सोपे होते. मे १९९९ मध्ये बर्कली येथून सुरू झालेल्या 'सेटी ॲट होम'सारख्या उपक्रमांनी तर रिकाम्या यंत्राचा वेळ विज्ञानाच्या कामी लावणे हे सत्कार्य ठरविले होते.

दुसरे कारण संस्थेच्या रचनेत आहे आणि ते अधिक खोलवरचे मानले पाहिजे. विजेचे बिल लेखा विभाग भरतो. यंत्रांची जबाबदारी संगणक विभागाकडे असते. यंत्र सकाळी उठले नाही तर तक्रार संगणक विभागाकडे येते. यंत्र रात्रभर जागले तर कोणाचीच तक्रार येत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यास जोखीम पत्करावी लागते, बचत दुसऱ्याच्या खात्यावर दिसते. एनर्जी स्टारच्या २० जुलै २००७ पासून लागू झालेल्या चौथ्या आवृत्तीने हा पेच ओळखला. पंधरा मिनिटांत मॉनिटर आणि तीस मिनिटांत संगणक झोपेल, अशी मांडणी कारखान्यातूनच चालू करून पाठविणे तिने बंधनकारक केले. स्वतःहून कोणी काही केले नाही तरी वीज वाचेल, अशी ही तजवीज होती. त्यानंतर व्यवस्थापकाची स्क्रिप्ट मुख्यतः या मांडणीला अपवाद करण्यासाठी वापरली जाऊ लागली.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांपुढे मात्र त्या दशकात वेगळाच प्रश्न उभा होता. भारनियमनाच्या वर्षांत संगणक केव्हा बंद होणार हे फीडरच्या वेळापत्रकावरून ठरत असे आणि यूपीएसची बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र नीट बंद होणे हीच मोठी गोष्ट होती. अमेरिकी कार्यालयाला पडलेला प्रश्न येथे जाणवू लागला तो वीज अखंड मिळू लागल्यानंतर.

नव्या यंत्रांतील निद्रा

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'कनेक्टेड स्टँडबाय' ही कल्पना आली आणि विंडोज १० मध्ये (२०१५) तिचे 'मॉडर्न स्टँडबाय' असे रूपांतर झाले. मोबाइल फोनप्रमाणे यंत्राचा पडदा मिटलेला असतो, तरी ते एस-० मध्येच, अतिशय कमी विजेवर, नेटवर्कशी संबंध राखून असते. एस-३ ही अवस्था अशा यंत्रांतून बहुधा वगळली जाते. झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप गरम होऊन बॅटरी संपविल्याच्या तक्रारी या रचनेनंतर वाढल्या. त्यांचा छडा लावण्यासाठी पॉवरसीएफजीतच निद्रेचा अभ्यास करणारा आणखी एक पर्याय घालावा लागला. जुन्या स्क्रिप्टना या यंत्रांवर वेगळीच अडचण येते. तेथे सहसा 'बॅलन्स्ड' ही एकच योजना ठेवलेली असते, त्यामुळे 'हाय परफॉर्मन्स' किंवा 'पॉवर सेव्हर' ही योजना लागू करण्याची ओळ निष्फळ ठरते. व्यवस्थापकाने उपलब्ध अवस्थांची यादी मागितली तर एस-३ पुढे एक वाक्य छापले जाते: यंत्राचे फर्मवेअर या अवस्थेला समर्थन देत नाही.